विशेषण नको, क्रियापद सांगा

विद्या बिराजदार मॅडमना वाद घालायचा असला की त्या आधी पायातल्या चपला काढत. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. टेबलाखाली चपला सरकवल्याचा आवाज आला की मला कळायचं, आता कुणाची तरी खैर नाही. मग समोर प्राचार्य असोत, तपासणीला आलेल्या समितीचे सदस्य असोत, नाहीतर कँटीनचा मालक असो. अनवाणी पाय गार फरशीवर टेकवून, पदर कमरेला खोचून त्या अगदी शांतपणे विचारत, "म्हणजे नेमकं काय?"

आम्ही दोघांनी सोलापुरातल्या एकाच कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं. त्या मानसशास्त्र, मी मराठी. सहकाऱ्यांना त्या नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. "काय मराठी, चहा?" "भूगोल कुठं गेला आज?" प्राचार्य मूळचे गणिताचे, त्यामुळे त्यांना तोंडावर 'सर' आणि पाठीमागे 'गणित'. कुणाला राग येत नसे, कारण त्या स्वतःलाही 'मानस' म्हणवून घेत.

अंगानं लहानखुऱ्या, रंग काळासावळा, पिकलेली वेणी, आणि आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक घालणाऱ्या बाईचा. मूळच्या मैंदर्गीच्या. घरात कन्नड, शाळा मराठी. हिशेब त्या कन्नडमध्ये करत, भांडण मराठीत, आणि ज्या विद्यार्थ्यावर फार जीव असेल त्याला दोन्ही भाषांत रागवत. शुक्रवार पेठेत भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर आई आणि त्या अशा दोघीच राहायच्या. लग्न केलं नाही. का, असं एकदा कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वेळ झाला नाही. वाद चालू होता."

संध्याकाळी आईला टीव्हीवरच्या गुन्हेगारीच्या मालिका लागत. मी कधी गेलो की आजी खुर्चीत पाय लांब करून बसलेल्या असत आणि मॅडम भाजी निवडता निवडता टीव्हीशी भांडत असत. पडद्यावरचा इन्स्पेक्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, खुनी सायकोपॅथ आहे. की मॅडमच्या हातातली मेथीची जुडी खाली. "अरे, पण तू त्याला भेटलायस कुठं अजून? दारावरचं रक्त बघून निदान करतोयस!" आजींना शेवट ऐकायचा असे. त्या ओरडत, "विद्या, सुम्निरु!" म्हणजे गप्प बस. मॅडम गप्प बसत, जाहिरात लागेपर्यंत.

सायकोपॅथ आणि सोशिओपॅथ हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात जातात, हे अख्ख्या कॉलेजला माहीत होतं. मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे हे शब्द पोरांच्या तोंडी बसलेले. एकदा मी त्यांच्या वर्गाबाहेरून जात होतो. आत एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "लई सायको हाय बे माझी रूममेट." मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. खडू खाली ठेवला आणि वळल्या.

"उभी राहा. काय केलं तिनं?"

"काय नाही मॅडम, आपलं असंच."

"असंच नाही. विशेषण नको, क्रियापद सांग. काय केलं?"

मुलगी अडखळली. मग म्हणाली, "मी रडत होते तर ती मॅगी खात होती."

"मग?"

"मग… अर्धी मला दिली."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "तिनं मॅगी खाल्ली, अर्धी तुला दिली. ह्याला म्हणतात माहिती. सायको ही तुझी शिवी आहे. बस."

चहाच्या वेळी मी त्यांना छेडलं. म्हटलं, "मॅडम, व्याकरणाच्या दृष्टीनं सायकोपॅथ हे नाम आहे, विशेषण नाही."

"असू दे हो मराठी. लोक ते माणसाला कपाळावर चिकटवतात. जे चिकटवता येतं ते विशेषण."

त्यांचं म्हणणं दुसऱ्यांना पटेलच असं नव्हतं. एकदा कॉलेजच्या चर्चासत्राला पुण्याहून एक नामवंत मानसोपचारतज्ज्ञ आले होते. सभागृह भरलेलं. त्यांनी पडद्यावर एक देखणा तक्ता दाखवला. डावीकडे सायकोपॅथ, उजवीकडे सोशिओपॅथ, मध्ये जाड रेघ. सायकोपॅथ जन्मतःच तसा, सोशिओपॅथ परिस्थितीनं घडवलेला. सायकोपॅथ थंड आणि आखीव, सोशिओपॅथ तापट आणि विस्कळीत. पोरं भराभरा उतरवून घेत होती. मी मॅडमच्या शेजारीच बसलो होतो. खालून चपलांचा आवाज आला.

"सर, तक्ता सुंदर आहे," त्या उठून म्हणाल्या, "पण ही मधली रेघ कुणी ओढली?"

पाहुणे सभ्य गृहस्थ होते. हसले. "काही अभ्यासक असा फरक करतात."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतात."

"आणि आपण निदानासाठी जे ग्रंथ उघडतो, त्यांत ह्यातला कुठला शब्द आजार म्हणून दिलाय?"

पाहुणे म्हणाले, "खरं सांगायचं तर कुठलाच नाही. तिथं समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार असं म्हटलंय, आणि तेही ह्या दोन्हींशी तंतोतंत जुळत नाही."

"मग पोरांनी काय उतरवून घ्यायचं?"

सभागृहात हशा उठला. पाहुण्यांनी तक्ता बंद केला आणि उरलेला वेळ त्या रेघेवरच बोलले, आणि खरं सांगतो, इतकं चांगलं भाषण आमच्या सभागृहात दुसरं झालं नाही. सोशिओपॅथ हा शब्द का पुढे आला, तर पूर्वी सायकोपॅथ म्हणून वाट्टेल त्याला बसवलं जायचं. मग अमेरिकेत त्या नव्या शब्दाखालीही कसे व्यसनी लोक आले, समलिंगी माणसं आली, थोडक्यात समाजाला जे जे नको होतं ते सगळं आलं. आणि पुढे ते सगळं कसं पुसावं लागलं. जेवताना मात्र त्यांनी मॅडमना सोडलं नाही.

"पण मॅडम, म्हणून सायकोपॅथी ही कल्पनाच मोडीत काढायची का? करुणा नाही, पश्चात्ताप नाही, वरून मात्र गोड, अशी माणसं असतात. आम्ही तुरुंगात पाहतो. नीट प्रशिक्षण घेऊन, जुनी कागदपत्रं तपासून, लांबलचक मुलाखत घेऊन ते मोजताही येतं."

"असतात की," मॅडम भाकरीवर शेंगाची चटणी घेत म्हणाल्या. "मी कुठं नाही म्हणते? माझा तर गुरूच तसला होता."

ही गुरूची गोष्ट त्या दर वर्षी वर्गात सांगत. तरुणपणी त्या आठवड्यातून एकदा तुरुंगात जात, कैद्यांना गोल बसवून बोलतं करत. त्या गटात एक जण होता. त्याचं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही, 'माझा गुरू' एवढंच म्हणत. तो सगळ्यांत आधी येई, सतरंजी पसरून ठेवी, मॅडमच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करी. दुसरा कुणी रडायला लागला की ह्याचेही डोळे भरत. मॅडमना वाटलं, माणूस बदलला. त्यांनी तुरुंगाधिकाऱ्यांना सांगून गटाचं पुढारपण त्याच्याकडे दिलं. पुढे एकेक जण यायचा बंद झाला. चौकशी केली तेव्हा कळलं, गोलात बसून माणसं जे जे काळजातलं बोलली होती, ते सगळं हा बराकीत शस्त्रासारखं वापरत होता. कुणाच्या बायकोचं, कुणाच्या भीतीचं. सगळी बराक त्याच्या मुठीत होती.

मॅडमनी त्याला जाब विचारला. तो जराही ओशाळला नाही. उलट समजूत घातल्यासारखा म्हणाला, "मॅडम, तुमाला आवडंल तेच बोललो की मी."

वर्गातलं कुणीतरी हमखास विचारी, "मग मॅडम, तो सायकोपॅथ होता ना?"

"बहुतेक," मॅडम म्हणत. "आणि हे 'बहुतेक' म्हणायला मला वर्ष लागलं, समोरासमोर बसून. तो रडत होता आणि मी फसले. आता तुम्ही मला सांगा, जो रडत नाही त्याच्याबद्दल तुम्हाला एका व्हिडिओत कसं कळतं?"

हा प्रश्न नुसता वर्गापुरता राहिला नाही, ही पुढची गोष्ट. तीच मला सांगायची आहे.

त्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत एक माणूस स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. मैंदर्गीचा शेतकरी, मॅडमचा गाववाला. टोपी हातात धरून म्हणाला, "विद्याक्का, माज्या बहिणीला कोर्टात सायकोप्याथ म्हनायल्यात. त्ये काय आसतंय? त्यानं पोरगी काडून घेत्यात व्हय?"

मॅडमनी त्याला बसवलं, चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. त्याची बहीण कस्तुरी, दुधनीला दिलेली. नवरा बसवराज मोटारसायकलच्या अपघातात गेला. पदरात एक मुलगी, ईश्वरी, प्राथमिक शाळेत जाणारी. बसवराज गेला त्या दिवशी कस्तुरी रडली नाही. अंत्यविधीला रडली नाही, नंतरही नाही. पाहुणे उठायच्या आत गोठ्यात जाऊन म्हशीची धार काढायला बसली. दीर मल्लिनाथ भावाच्या जाण्यानं वेडापिसा झालेला. त्यानं मोबाइलवर शोधलं, नवरा मेल्यावर न रडणारी बाई कशी असते. मोबाइलनं त्याला शब्द दिला, सायकोपॅथ. मग त्यानं शहरातल्या एका समुपदेशकाकडे वहिनीला एकदा नेलं, दुःखातून सावरायला म्हणून. समुपदेशकानं लिहून दिलं, 'सोशिओपॅथिक प्रवृत्ती दिसतात.' आता कस्तुरी माहेरी मैंदर्गीत, ईश्वरी दुधनीला आजीकडे, आणि अशा आईच्या हाती पोर देऊ नये म्हणून मल्लिनाथचा कोर्टात दावा.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "मराठी, रविवारी तुमची गाडी काढा."

त्या रविवारी आम्ही मैंदर्गीला गेलो, आणि पुढेही अनेक रविवार. मी गाडीचा चालक, बाकी माझं काही काम नव्हतं. कस्तुरी उंच, हाडापेरानं मजबूत, चेहरा बंद दारासारखा. पहिल्या खेपेला तिनं आम्हाला पाणी दिलं, ताक दिलं आणि विचारलेल्या प्रश्नांना एकेका शब्दात उत्तरं दिली. मला मनातून वाटलं, बाई जरा थंडच आहे. मॅडमना गाडीत तसं म्हणालोही.

"अजून क्रियापद मिळालं नाही," त्या म्हणाल्या. "थांबा."

त्या दुधनीला जाऊन ईश्वरीच्या शाळेतल्या बाईंना भेटल्या, शेजारणींना भेटल्या. हळूहळू क्रियापदं गोळा होऊ लागली. कस्तुरी बारकी होती तेव्हाच तिची आई गेली होती, धाकटी भावंडं तिनं वाढवली. ती रडली की पोरं घाबरून आक्रोश करायची, म्हणून ती रडायची थांबली. ईश्वरी तापली की ही रात्रभर तिच्या तळव्यांना कांदा चोळत बसे. बाप गेल्यावर ईश्वरी शाळेत बोलेनाशी झाली, तर कस्तुरी मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणाशी जाऊन नुसती उभी राहायची, पोरीला दिसेल अशी.

तरी दाव्यातला एक मुद्दा सगळ्यांवर भारी होता. बसवराज गेल्याचा फोन कस्तुरीच्या मोबाइलवर आला. फोन ऐकून ती स्वयंपाकघरात गेली, आणि सासू नागम्मा हिला तिनं आधी पोटभर भाकरी-दूध वाढलं. सासूचं जेवण संपेपर्यंत समोर बसून राहिली. आणि मग सांगितलं, तुमचा मुलगा गेला. "माझा लेक मेलेला आसताना हिनं मला जेवू घातलं," म्हणून नागम्मा ऊर बडवायची. गावात ज्यानं ज्यानं हे ऐकलं, त्यानं कानांवर हात ठेवले. मीही ठेवले होते.

मॅडमनी कस्तुरीला हे विचारलं तेव्हा मी अंगणात बसलो होतो. दोघी कन्नडमध्ये बोलत होत्या, वेगात, मला एक अक्षर कळेना. कस्तुरीनं खाली मान घालून काहीतरी सांगितलं, चार-दोन वाक्यं. मॅडमनी हात लांबवून कस्तुरीच्या डोक्यावर ठेवला.

"हे कुणाला सांगितलं नाहीस?" त्यांनी मराठीत विचारलं.

"का केलीस म्हणून कुणी इचारलंच न्हाय की," कस्तुरी म्हणाली. "सगळी म्हनली, कशी बाई हाय."

येताना मी खोदून खोदून विचारलं. मॅडम हसल्या. "कोर्टात ऐका."

कस्तुरीच्या बाजूनं साक्ष द्यायच्या दिवशी मॅडम तपकिरी इरकली नेसून आल्या. विरुद्ध बाजूचे वकील नावाजलेले, मिठ्ठास बोलणारे. न्यायाधीश एक मध्यमवयीन बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मॅडम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढल्या आणि मी पाहिलं, त्यांच्या चपला पायरीशीच राहिल्या होत्या.

वकिलांनी सुरुवात केली. "मॅडम, सायकोपॅथला भावना नसतात, बरोबर?"

"उथळ असतात, दुसऱ्याचं दुःख त्याला शिवत नाही, असं मानतात. पण ज्याला रडू येत नाही त्याला भावना नाहीत, असं आमच्यात कुणी मानत नाही."

"पण सोशिओपॅथ बाई धोकादायक असू शकते, हे तरी मान्य आहे?"

"साहेब, मघाशी तुम्ही सायकोपॅथ म्हणालात, आता सोशिओपॅथ म्हणताय. दाव्यात पण दोन्ही शब्द आहेत. एक काहीतरी ठरवा, म्हणजे मला उत्तर देता येईल."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीश बाईंनी टेबलावर बोटं वाजवली आणि स्वतःच विचारलं, "दोन्हीत फरक काय आहे, ते सांगा."

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "बाईसाहेब, खरं सांगते. ह्यावर आमच्यातच एकमत नाही. काही जण म्हणतात एक जन्मानं, दुसरा परिस्थितीनं. काही म्हणतात दोन्ही एकच. सायकोपॅथीवर संशोधन पुष्कळ आहे, पण गुन्हा करणं हा तिचा गाभा आहे की नुसता परिणाम, ह्यावरही भांडण आहे. आणि निदान म्हणून हे दोन्ही शब्द आम्ही लिहीत नाही."

वकिलांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमच्या शास्त्रालाच नक्की माहीत नाही!"

"बरोबर बोललात," मॅडमचा तो बांधावरचा आवाज कोर्टात घुमला. "ज्या शब्दाचा अर्थ शास्त्राला नक्की माहीत नाही, त्या शब्दावर एका आईची लेक काढून घेऊ नका. एवढंच सांगायला मी आलेय."

न्यायाधीश बाईंनी मान वर करून मॅडमकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं. वकील अनुभवी होते, त्यांनी लगेच हुकमाचं पान काढलं.

"ठीक आहे, शब्द सोडा. कृती घ्या. नवरा मेल्याचा फोन ऐकून सासूला पोटभर जेवू घालणारी बाई. ह्याला तुम्ही काय म्हणाल?"

मला वाटतं, आयुष्यभर मॅडम कुणीतरी हे विचारेल म्हणून थांबल्या होत्या. कृतीबद्दल.

"मी काहीच म्हणणार नाही. ज्यांना जेवू घातलं त्या इथं बसल्यात. जेवायच्या आधी त्यांनी काय घेतलं होतं, ते त्यांनाच विचारावं."

वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश बाईंनी ती बाजूला सारली. नागम्माची साक्ष आधी झाली होती, तरी त्यांनी तिला परत बोलावलं. "आजी, पुढं या. त्या दिवशी जेवायच्या आधी तुम्ही काही घेतलं होतं?"

नागम्मा काठी टेकत पुढे आली. "म्या काय घेनार? साकरंची सुई घेतली होती की. रोज घेतीया."

"कोण टोचतं?"

"हीच टोचायची. कस्तुरी."

"सुई घेतल्यावर जेवण नाही झालं तर काय होतं?"

"मागं एकदा तसंच झालं होतं की. सुई घेतली आन् भांडणात जेवायचंच न्हाय झालं. शेतात पडले, बेसूद. डाक्टर म्हनला, अजून उशीर झाला आसता तर ही म्हातारी…"

एवढं बोलून नागम्मा थांबली.

तोंड उघडंच राहिलं. तिनं सावकाश मान वळवून कस्तुरीकडे पाहिलं. कस्तुरी खाली बघत होती. इन्सुलिनची सुई टोचलेल्या म्हातारीला मुलगा गेल्याचं सांगितलं असतं, तर तिनं दिवसभर घास तोंडात घातला नसता. एका घरातून दोन तिरड्या निघाल्या असत्या. नवरा गेल्याचं ऐकून, अंगावर आभाळ कोसळलेलं असताना, हे त्या बाईला आठवलं होतं. ती भाकरी वाढून समोर बसली होती आणि भाकरी संपेपर्यंत तिनं तोंडातून हूं की चूं काढलं नव्हतं.

मल्लिनाथ बाकावर डोकं धरून बसला. वकिलांनी आणखी प्रश्न नाहीत असं सांगितलं.

निकाल यथावकाश लागला. ईश्वरी आईकडे, आजीला शनिवार-रविवार आणि सणासुदीला नातीची भेट. पण खरं सांगायचं तर निकाल त्याच दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात लागला होता. आम्ही बाहेर आलो तेव्हा नागम्मा खांबाला टेकून उभी होती. कस्तुरी जवळून जायला लागली तशी तिनं तिचं मनगट धरलं. आम्हाला वाटलं, आता म्हातारी गळ्यात पडून रडेल. तिनं नुसतं विचारलं,

"त्या दिशी तू जेवली होतीस का गं?"

"न्हाय, अत्ती," कस्तुरी म्हणाली. सासूला ती अत्ती म्हणायची.

"मग चल. आदी कायतरी खा."

त्या दोघी कोर्टासमोरच्या खानावळीत जाऊन बसल्या. मल्लिनाथ लांब उभा होता. मॅडम त्याच्याकडे गेल्या. मला वाटलं, आता ह्याची हजेरी घेणार. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "भाऊ गेला ना रे. तू पण रड की जरा." आणि त्या दांडग्या गड्यानं तिथंच हुंदका दिला.

परतीच्या वाटेवर मॅडम गाडीत सबंध रस्ता कन्नड गाणं गुणगुणत होत्या, बेसूर. त्यांना सूर अजिबात नव्हता आणि त्यांना ते माहीत नव्हतं. मी काही बोललो नाही. त्या दिवशी त्यांना सगळं माफ होतं.

ह्या निकालाची बातमी कशी कुठं पसरली कोण जाणे, पण पुढे त्यांना दुसऱ्या जिल्ह्यांतले वकील फोन करू लागले. पोलिसांच्या प्रशिक्षणाला बोलावणं आलं. तिथं त्यांनी म्हणे वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच उभं करून विचारलं, "आरोपी सायको आहे, असं लिहिलंय तुम्ही. काय केलं त्यानं?" पुण्याचे ते चर्चासत्रातले पाहुणे स्वतःच्या वर्गात कस्तुरीची हकीकत सांगू लागले, नाव न घेता. त्यांनी तो दोन रकान्यांचा तक्ता आता काढून टाकलाय, असं त्यांनी मॅडमना फोन करून कळवलं. मॅडमनी त्यांना सांगितलं, "काढू नका. दाखवा, आणि मग पोरांना विचारा की रेघ कुणी ओढली."

निवृत्त झाल्यावर त्या आईला घेऊन धारवाडला बहिणीकडे गेल्या. तिथं गेल्यावर म्हणे शेजारच्या शाळेत शिक्षकांना शिकवायला लागल्या. फोनवर आमचं बोलणं होतं. "काय मराठी," एवढंच म्हणून त्या सुरू होतात. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या जायच्या आधीच्या, हिवाळ्यातल्या एका सकाळच्या.

दुधनीच्या शाळेत तालुक्याच्या क्रीडास्पर्धा होत्या. कस्तुरी परत दुधनीला राहायला गेली होती, आणि ईश्वरी धावण्याच्या शर्यतीत उतरणार होती. मॅडमनी मला सकाळीच गाडी काढायला लावली. मैदानावर फकी मारून पट्टे आखलेले, कडेला दोरी बांधलेली, आणि दोरीच्या अलीकडे आईबापांची गर्दी. कस्तुरी आणि नागम्मा पुढेच उभ्या होत्या. शिट्टी वाजली आणि पोरी सुटल्या. ईश्वरी मधल्या पट्ट्यात, दोन वेण्या हवेत, सुरुवातीला मागे पडलेली.

माझ्या शेजारून कुणीतरी दोरीखालून वाकून आत गेलं. बघतो तर मॅडम. पदर खोचलेला, पिकलेली वेणी पाठीवर आपटतेय, आणि त्या शर्यतीच्या बाजूनं पोरीच्या बरोबरीनं पळतायत. "ईश्वरी, ओडू! ओडू गं! पळ की!" क्रीडाशिक्षक शिट्टी फुंकत त्यांच्या मागे. "ओ मॅडम, बाहेर व्हा! पालकांनी आत यायचं नाय!" त्या थांबायला तयार नाहीत. इकडे कस्तुरी दोरी दोन्ही हातांनी हलवत गळा फाडून ओरडतेय, नागम्मा काठी वर करून नाचवतेय, आणि ती पोर एकेकीला मागे टाकत पुढे सरकतेय.

ईश्वरीच्या छातीवर फीत तुटली तेव्हा मॅडम तिच्या मागे थोड्याच अंतरावर होत्या. धापा टाकत, मैदानाच्या मधोमध, दोन्ही हात उंच आभाळाकडे केलेले. क्रीडाशिक्षक त्यांच्यापर्यंत पोचले आणि त्यांना बाहेर काढायचं विसरून स्वतःच टाळ्या वाजवू लागले.